दुर्गाबाईंच्या वावराची माती

मेडशीहून डांबरी रस्ता सोडून टेकाडाकडे वळलं की दुर्गाबाईंचं दीड एकर वावर लागतं. ते वावर बरड आहे. बरड म्हणजे काय हे ज्याला ठाऊक नाही त्यानं तिथं चपला काढून दहा पावलं चालावं, अकरावं टाकायच्या आत समजतं. वर वीतभर तांबूस माती, तिच्यात निम्मे खडे, खाली मुरूम आणि मुरमाखाली आणखी मुरूम. पाणी ओतलं की ते तिथं घटकाभरही टेकत नाही, सरळ खाली जातं. शेजारच्या काळ्या रानात पावसानंतर आठवडाभर पाय ठेवता येत नाही, तेव्हा या वावरात दुसऱ्याच दिवशी कोळपणीचा डवरा चालतो. पण हे गुण सांगायचे कुणाला? आपल्याकडचा हिशेब ठरलेला आहे. सून गोरी पाहिजे आणि जमीन काळी.

हे वावर दुर्गाबाईंना त्यांच्या वडिलांनी, म्हणजे शालिग्रामजींनी दिलं. सातबारा दुर्गाबाईंच्याच नावावर. त्यांचे पती इंद्रभानजी तीस वर्षं एसटीत वाहतूक नियंत्रक होते आणि गेल्या साली निवृत्त झाले. या तीस वर्षांत त्यांनी त्या वावराविषयी दोन मतं बाळगली. मेडशीत, घरी जेवताना ताटात खडा लागला की ते म्हणत, "तुह्या बाच्या वावरातला दिसते." आणि रिसोडच्या स्टँडवर चहा पिताना म्हणत, सासऱ्यानं दीड एकर काळीभोर दिली, काठी रोवली तर पालवी फुटते. एकाच तोंडाची ही दोन मतं दोन गावांत राहत होती, त्यामुळे त्यांची कधी गाठ पडली नाही. दुर्गाबाई मात्र कुठलंच मत न देता दरवर्षी त्याच वावरात मूग आणि तीळ काढत आणि घरी आणून ठेवत.

उन्हाळ्यात गावात कृषी खात्याची सभा झाली. नवीन आलेल्या कृषी सहायक नीलिमाताईंनी सांगितलं की टेकाडाच्या हलक्या जमिनी वाया गेल्या असं समजू नका, सीताफळाला अशीच जमीन लागते. मुळाशी पाणी साचलं की ते झाड मरतं. खडे असले तरी त्याचं काही म्हणणं नसतं. सरकार रोपं देणार, खड्ड्यांसाठी मदत देणार, फक्त पंधरा जूनच्या आत यादीत नाव पाहिजे. हे ऐकून दुर्गाबाईंनी हात वर केला. आजवर कुठल्याही सभेत त्यांनी हात वर केला नव्हता. घरी येताना त्यांनी हिशेबही सांगितला, दीड एकरात दोनशे चाळीस झाडं बसतात. इंद्रभानजींना वाटलं हिला हे आताच सुचलं. ती गेली कित्येक वर्षं बांधावरच्या एकुलत्या सीताफळाकडे बघून हेच मोजत होती, हे त्यांना माहीत नव्हतं.

निवृत्त माणसाला काम मिळालं की तो आधी फाइल करतो. इंद्रभानजींनी निळ्या रंगाची फाइल आणली, तिच्यावर सुवाच्य अक्षरात 'सीताफळ' असं लिहिलं आणि आत काय काय पाहिजे त्याची यादी लावली. सातबारा, आधार, बँकेचं पासबुक मिळालं. अर्ज ऑनलाइन होता. त्याचा ओटीपी दुर्गाबाईंच्या फोनवर यायचा आणि तो फोन पिठाच्या डब्यामागं असायचा, तेही चार दिवसांत जमलं. राहिला फक्त माती परीक्षणाचा अहवाल. फळबागेसाठी मातीचे तीन थर लागतात: एका फुटाचा, दोन फुटांचा, तीन फुटांचा. तीन पिशव्या, प्रत्येकीत अर्धा किलो माती.

बांधशेजारी उकंडराव काळ्या रानाचे मालक, त्यामुळे मातीवर बोलायचा अधिकार गावानं त्यांना दिलेला आहे. त्यांनी बजावलं की नमुना झाडाखालचा घेऊ नये, बांधालगतचा घेऊ नये, उकिरड्याजवळचा तर मुळीच घेऊ नये, आणि फावडं गंजलेलं नसावं. इंद्रभानजींनी हे सगळं लिहून घेतलं. मग विचारलं की बरड जमिनीसाठी काही वेगळं असतं का. उकंडराव म्हणाले, "बरडाचा नमुना घ्यालेच कायले लागते? खिशात दोन खडे टाका अन् जा." इंद्रभानजी हसले, पण ते वाक्य त्यांना दिवसभर सलत राहिलं.

दुसऱ्या दिवशी सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, घेऊन ते वावरात गेले. मे महिन्याचं ऊन. दुर्गाबाई मदतीला येते म्हणाल्या तर यांनी ऐटीत सांगितलं, हे शास्त्रीय काम आहे. सब्बल पहिल्या वीतभरात गेली आणि मग टणकन उलटी आली. जागा बदलली, तेच. दोन तास घाम गाळल्यावर जो खड्डा पडला त्यात नारळ बसला असता, तोही सोललेला. पहिल्या थराची माती मात्र निघाली. सूचनांच्या कागदावर लिहिलं होतं की खडे वेचून, माती चाळून मगच पिशवीत भरावी. इंद्रभानजींनी कागदाबरहुकूम खडे वेचले. वेचून झाल्यावर बाजूला खड्यांचा ढीग होता आणि घमेल्यात ओंजळभर माती. अर्धा किलो व्हायला निम्मं वावर चाळावं लागलं असतं.

बरं, ती ओंजळ न्यायची कुठं? तालुक्याच्या ज्या केंद्रावर नमुने घेत, तिथं टेबलावर बबलू बसायचा, आणि बबलूचा बाप इंद्रभानजींच्याच स्टँडवर चालक होता. काठीला पालवी फुटणारी ती जमीन बापलेकांनी चहाबरोबर कितीतरी वेळा ऐकली होती. आता त्याच बबलूपुढं ही पिशवी उघडायची, त्यानं आत बघायचं आणि मग वर बघायचं. इंद्रभानजींना ते नुसतं डोळ्यांपुढं आलं तरी कानशिलं तापली. पलीकडे उकंडरावांचं काळं रान मोकळं पडलं होतं, भेगा इतक्या रुंद की हात आत घालावा आणि तीन फुटांचे तिन्ही थर फारसं न खोदता काढावेत.

प्रथम त्यांचा विचार फक्त वजन भरण्यापुरती माती घ्यायचा होता. खरं सांगायचं तर पाहुणे मुलगी बघायला येतात तेव्हा घरात शेजारच्या खुर्च्या येतातच, त्याला कोणी फसवणूक म्हणत नाही. पण एकदा हात काळ्या मातीत गेला आणि ती अशी मऊ लागली की त्यांनी पहिली पिशवी सगळी तिचीच भरली. मग तीन पिशव्यांत मेळ असावा म्हणून दुसरी आणि तिसरीही. केंद्रावर बबलूनं पिशव्या उघडल्या, माती चिमटीत धरली आणि म्हणाला, "काका, बाबा सांगत होते तशीच हाय हो." इंद्रभानजींनी खिशातून पैसे काढून त्याला चहा पाजला.

संध्याकाळी उकंडराव घरी आले. त्यांच्या रानात डुकरांनी तीन ठिकाणी उकरलं होतं. वनखात्याकडे तक्रार करावी म्हणत होते. डुक्कर फार व्यवस्थित होतं, म्हणाले, तिन्ही खड्डे एका रेषेत. इंद्रभानजींनी सांगितलं की हल्ली डुकरं तशीच येतात, आणि आत जाऊन पाणी पिऊन आले.

अहवाल दहा दिवसांनी आला. काय अहवाल होता! भारी काळी जमीन, खोली भरपूर, पालाश भरपूर, सेंद्रिय कर्ब मध्यमपेक्षा वर, ओलावा धरून ठेवण्याची क्षमता उत्तम. इंद्रभानजींनी तो लॅमिनेट करून घेतला. रविवारी विहारात वंदना झाल्यावर दुर्गाबाई म्हणाल्या, तो कागद वाचून दाखवा. त्यांनी तीस वर्षं गाड्या पुकारलेल्या आवाजात तो वाचला आणि शेवटी आपल्या पदरचं एक वाक्य घातलं, की सासऱ्यांनी दिलेली जमीन म्हणजे सोनं आहे. बायाबापड्या दुर्गाबाईंकडे बघत होत्या. दुर्गाबाई खाली बघत होत्या आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. त्यानंतर चार दिवस त्यांनी तो कागद घरोघर नेला, आणि इंद्रभानजी घरी बसून आपण किती चांगलं काम केलं याचा विचार करत राहिले.

पाचव्या दिवशी अर्ज नामंजूर झाला. कारण असं की जमीन भारी, निचरा कमी, सीताफळास अयोग्य. कपाशी, हरभरा किंवा गहू घ्यावा.

आता माणसानं काय करावं? इंद्रभानजी फाइल घेऊन नीलिमाताईंकडे गेले आणि आपली जमीन किती वाईट आहे हे समजावू लागले. तीस वर्षं घरात तोंडपाठ केलेलं सगळं त्यांनी सांगितलं. नीलिमाताई शांतपणे म्हणाल्या, "काका, लोक जमीन हलकी निघाली म्हणून रडतात. तुमची चांगली निघाली तं तुमी काहून रडून राह्यले?" यावर इंद्रभानजींपाशी उत्तर होतं, पण ते देण्यासारखं नव्हतं. मशीन चुकलं असेल असं ते म्हणाले. मशीन चुकलं असेल तर एकच वाट होती. वावरात तीन फूट लांब, तीन रुंद, तीन खोल खड्डा करून ठेवायचा, त्या स्वतः येऊन थर बघतील, पाणी ओतून निचरा मोजतील आणि शेरा बदलतील. पंधरा तारखेला सहा दिवस उरले होते. दुर्गाबाईंना काय सांगायचं? इंद्रभानजींनी सांगितलं की साहेब लोक खड्डा बघून मग रोपं देतात, पद्धतच आहे तशी.

तीन फुटांचा खड्डा सब्बलीनं होणार नव्हता, हे इंद्रभानजींना नारळाच्या खड्ड्यावरून कळलं होतं. घराशेजारच्या धनराजचं बांधकाम चाललं होतं, जोतं भरायचं होतं आणि त्याच्याकडे दोन दिवसांसाठी जेसीबी आला होता. धनराज म्हणाला, काका, तुम्ही हातानं कशाला खोदता, मी खोदून देतो, निघालेला मुरूम तेवढा मला. इंद्रभानजींनी हात जोडले. त्यांचा अंदाज, मुरूम निघून निघून किती निघेल, चार घमेली.

दुपारी वामकुक्षी घेऊन ते वावरात गेले तेव्हा खड्डा तयार होता. त्यात एसटी उभी राहिली असती. जेसीबीवाल्याचं म्हणणं होतं की बकेटच मोठी आहे, तीन फुटांवर ती थांबत नाही. धनराजचं म्हणणं होतं की मुरूम असा निघाला, असा निघाला की मशीन बंद करवेना. लाल, दाणेदार, मातीची भेसळ नसलेला मुरूम, दाबला की सिमेंटसारखा बसतो. धनराजच्या तीन ट्रॉल्या झाल्या. मग एकानं गोठ्यासाठी एक ट्रॉली नेली, पावसात म्हशीखाली चिखल होतो म्हणून. एकानं अंगणात टाकायला नेली. तिसऱ्यानं, 'काका नाही म्हणणार नाहीत' असं परस्परच ठरवून, आपल्या पांदवाटेचे खड्डे बुजवले. ज्या गावानं तीस वर्षं त्या वावराला नाक मुरडलं, त्याच्या दारोदारी संध्याकाळपर्यंत ते वावर पसरलं होतं. उकंडरावही एक ट्रॉली घेऊन गेले. वरून सल्ला दिला की एवढा खड्डा झालाच आहे तर शेततळं करा. बरडात शेततळं म्हणजे चाळणीत ताक, हे त्यांच्यासारख्या जाणकाराला कळायला हवं होतं. पण ट्रॉली भरून घेतलेला माणूस काहीतरी बोलतोच.

तिसऱ्या दिवशी नोटीस आली. तलाठ्यानं आणली. त्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं असतं, पण म्हणून ते उशिरा येतात असं नाही. श्रीमती दुर्गाबाई इंद्रभान, आपण आपल्या मालकीच्या जमिनीतून विनापरवाना गौण खनिजाचे, म्हणजे मुरमाचे, उत्खनन करून त्याची विल्हेवाट लावल्याचे निदर्शनास आले आहे, तरी खुलासा करावा. नोटीस दुर्गाबाईंच्या हातात पडली. त्यांनी ती दोनदा वाचली, घडी घातली आणि नवऱ्यापुढं ठेवली. त्या दिवशी त्यांनी स्वयंपाक केला पण स्वतः जेवल्या नाहीत.

इंद्रभानजींना आधी फार वाईट वाटलं. मग त्यांनी नोटीस पुन्हा वाचली आणि त्यांच्यातला फाइल करणारा माणूस जागा झाला. सरकारच लेखी देत होतं की या जमिनीत मुरूम आहे! ते तसेच पहिल्या जीपनं नीलिमाताईंकडे गेले आणि नोटीस अशी पुढं केली, जशी काही बढतीची ऑर्डर. नीलिमाताईंनी एका हातात अहवाल धरला, दुसऱ्यात नोटीस. सातबारा एक, गट नंबर एक. एका कागदानुसार तिथं तीन फूट काळी माती होती आणि दुसऱ्यानुसार मुरमाची खाण. त्यांनी दोन्ही कागद खाली ठेवले आणि विचारलं, "काका, हे माती नेमकी कोन्या वावरातली?" मशीनचं काय ते बघून घ्या, असं काहीतरी पुटपुटून इंद्रभानजी बाहेर पडले. नीलिमाताईंनी तलाठ्यांना फोन लावला आणि दोघांनी एकदमच यायचं ठरवलं. तारीख चौदा, सकाळी दहा.

चौदाला खड्ड्याच्या काठावर सगळे जमले. नीलिमाताई, तलाठी, धनराज, उकंडराव आणि डोक्यावरून पदर घेतलेल्या दुर्गाबाई. धनराजनं पाण्याचा टँकर आणला होता, फुकटच्या मुरमाच्या उपकाराखाली धनराज तेवढा दबलेला होता. खड्ड्याच्या तळाशी तीन फुटांचा वेगळा खड्डा करून नीलिमाताईंनी तो पाण्यानं भरून घेतला आणि घड्याळ लावलं. पाणी दिसेनासं व्हायला चहा गाळायला लागतो त्याहून फार जास्त वेळ लागला नाही. पुन्हा भरलं, पुन्हा गेलं. नीलिमाताईंनी कडेचे थर बघितले, मुरूम बोटांनी चुरला आणि म्हणाल्या की सीताफळासाठी यापेक्षा चांगली जमीन त्यांनी तालुक्यात पाहिली नाही. पण सिस्टीमवर जुना अहवाल होता. तो खोटा ठरवायचा तर कुणीतरी लेखी द्यायला हवं होतं की नमुना दुसऱ्या जागेचा आहे. तलाठी म्हणाले, तसं असेल तर अर्जदार बाईंवर आणखी एक प्रकरण होतं, दिशाभूल केल्याचं. जमीन त्यांची, अर्ज त्यांचा, सही त्यांची.

इंद्रभानजींनी दुर्गाबाईंकडे बघितलं, खड्ड्याकडे बघितलं, उकंडरावांकडे बघायचं टाळलं. शेवटी ते म्हणाले, "तिले काही मालूम नाही. माती मी भरली. या उकंडरावच्या वावरातून." आणि मग, कोणी विचारलं नसताना, पुढचंही सांगितलं, "मले हे वावर दाखवाची लाज वाटत होती."

कोणी हसलं नाही. उकंडरावांनी तेवढं विचारलं की मग डुक्कर? इंद्रभानजींनी मान हलवली. वनखात्याची माणसं दोनदा येऊन गेली होती, पंचनामा झाला होता, पण उकंडरावांनी तो विषय तिथंच सोडला. नीलिमाताईंनी बॅगेतून कोरा कागद काढला आणि इंद्रभानजींनी गुडघ्यावर फाइल ठेवून जबाब लिहिला. चूक माझी, पत्नीची नाही, असं दोनदा लिहिलं. नीलिमाताई म्हणाल्या की आजच शेरा बदलते, नाव यादीत लागेल. तलाठी म्हणाले की खड्डा फळबागेसाठीच होता असं नोटिशीच्या उत्तरात लिहा, नेलेला मुरूम पंधरा दिवसांत परत आणून बुजवा, मग बघू. हे ऐकून धनराज टँकर घेऊन सर्वांत आधी निघाला, कारण त्याच्या वाट्याचा मुरूम जोत्यात ठोकून बसला होता. उकंडराव त्याच्याच टँकरवर बसून गेले. अधिकारी गाड्यांकडे चालू लागले.

दोघंच उरल्यावर इंद्रभानजी म्हणाले की तुला किती वाईट वाटलं असेल, तू तो कागद घरोघर दाखवला.

"मले मालूम होतं," दुर्गाबाई म्हणाल्या. "तीस वर्सं निंदलं मी हे वावर. याची माती काळी नाही हे मले कागदानं सांगावं लागते काय?"

"मंग बोलली काहून नाही?"

दुर्गाबाईंनी पदर सारखा केला. "कागद खोटा होता. पण तुमी विहारात सगळ्याईच्या समोर माह्या बाच्या वावराले सोनं म्हनलं. तीस वर्सांत पहिल्यांदा. म्या म्हनलं, राहू द्या."

इंद्रभानजींनी काठावरचा एक खडा उचलला. तो हातात फिरवत म्हणाले, "वावर चांगलं हाय, दुर्गा."

"आता कोन हाय आयकाले?" दुर्गाबाई म्हणाल्या. "लोकं होते तवा लाज म्हनलं, अन् ते गेल्यावर चांगलं म्हनून राह्यले."

इंद्रभानजींनी वळून रस्त्याकडे पाहिलं. तलाठ्यांची मोटरसायकल दोन किका मारूनही सुरू झाली नव्हती, नीलिमाताई गाडीवर बसून हेल्मेट घालत होत्या. ते एकदम उताराला लागले. साठीचा माणूस, खडे पायाखालून सरकतात, एक चप्पल मागे राहिली, तरी थांबले नाहीत. तलाठ्यांना वाटलं, जबाबात काही लिहायचं राहिलं.

"एक राह्यलं," इंद्रभानजी धापा टाकत म्हणाले. "हे वावर चांगलं हाय. माह्या सासऱ्यानं देलेलं हाय. बरडच हाय अन् चांगलं हाय."

तलाठी म्हणाले की त्याला नोटिशीत रकाना नाही.

"मंग कोऱ्या कागदावर लिवून घ्या. मी सही करतो." आणि त्यांनी तिथंच, मोटरसायकलच्या सीटवर कागद ठेवून, एका पायात चप्पल असताना ते लिहून दिलं.